राजपुत्रांचा चतुष्पाद गुरू

कार्नीअडीझ नावाचा एक ग्रीक तत्त्ववेत्ता इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात होऊन गेला. अथेन्सच्या अकादमीचा तो प्रमुख होता. इ. स. पू. १५५ मध्ये अथेन्सचा वकील म्हणून तो रोमला गेला, तेव्हा त्याच्या वादकौशल्याने तेथील तरुण मंडळी वेडावून गेली होती. त्याचे एक मार्मिक निरीक्षण प्लुटार्कने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की राजांची आणि धनिकांची मुले एक घोड्यावर बसणे सोडले तर दुसरे काहीच नीट शिकत नाहीत. अभ्यास घेणारा पंतोजी त्यांची स्तुती करतो, कुस्तीतला जोडीदार मुद्दाम पाठ टेकतो. घोड्याला मात्र वर बसलेला राजा आहे की रंक, हे ठाऊकही नसते आणि त्याची पर्वाही नसते. ज्याला बसता येत नाही त्याला तो खुशाल खाली टाकतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय या निरीक्षणातच आला आहे. 'नेतृत्व' आणि 'संवाद' हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. त्यांचे वर्ग निघतात, त्यांची प्रमाणपत्रे मिळतात. पण माणसांवर हुकमत चालवणारे जे लोक इतिहासात होऊन गेले, त्यांतल्या बहुतेकांनी माणसांच्या आधी घोड्यावर हुकमत चालवली होती, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. दोन-अडीच हजार वर्षे ही शिकवणी चालू होती. तिच्यातून शिष्यांच्या पदरात काय पडले आणि काय पडले नाही, हे पाहण्याचा माझा विचार आहे.

प्रथम गुरूचा स्वभाव पाहू. घोडा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते; कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडासा टापू तेवढा दिसत नाही. अंगावर माशी बसली तरी त्याला कळते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. संशय आला की आधी पळायचे आणि मग विचार करायचा, हा त्याचा बाणा. असा प्राणी माणसाच्या कितीतरी पट वजनाचा. त्याला बळाने वठणीवर आणू म्हणणाऱ्याने आपले वजन एकदा काट्यावर करून पाहावे! शब्दही येथे निरुपयोगी. तेव्हा एवढ्या मोठ्या, भित्र्या आणि मुक्या जिवाला आपल्या इच्छेप्रमाणे चालवायचे कसे, हा प्रश्न माणसापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना माणूसच पुष्कळ बदलला.

अश्वशिक्षणाचे जे अतिप्राचीन लेख आज उपलब्ध आहेत, त्यांत किक्कुली या मितन्नी राज्यातील अश्वशिक्षकाच्या नावाने असलेला लेख प्रसिद्ध आहे. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, म्हणजे हित्ती लोकांच्या जुन्या राजधानीत, तो मातीच्या विटांवर कोरलेला सापडला. त्याला तीन हजारांहून अधिक वर्षे झाली. त्याची भाषा हित्ती. पण घोड्यांच्या फेऱ्या मोजण्याचे त्यातले शब्द वाचताना आपण दचकतोच. ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न! एक, त्रि, पंच, सप्त, नव हे आपलेच आकडे इतक्या दूर घोड्यांच्या टापांबरोबर पोहोचलेले दिसतात. लेखात रथाच्या घोड्यांची दिनचर्या आहे. कोणत्या दिवशी किती दौड, किती दाणा, पाणी केव्हा द्यायचे, अंघोळ केव्हा घालायची, झूल केव्हा काढायची. आज्ञा आहेत खऱ्या, पण त्या साऱ्या माणसाला उद्देशून आहेत. घोडा तयार करायचा तर आधी आपली दिनचर्या घोड्याच्या वेळापत्रकाला बांधून घ्यावी लागते, ही गोष्ट किक्कुलीच्या काळीही नवी नसावी.

तथापि घोडा शिकवणे आणि माणसे चालवणे या दोन विद्यांचा सांधा ज्याने स्वतःच्या आयुष्यात जोडला आणि त्यावर लिहूनही ठेवले, असा पुरुष म्हणजे अथेन्सचा झेनोफन. सॉक्रेटिसाचा हा शिष्य वृत्तीने शिपाईगडी होता. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याने भावाचे राज्य बळकावण्यासाठी ग्रीक भाडोत्री सैन्य जमवले, त्याच्याबरोबर झेनोफन गेला. तो सेनापती नव्हता, साधा शिपाईही नव्हता. एका मित्राच्या बोलावण्यावरून गेलेला पाहुणा होता. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे लढाई झाली, सायरस पडला आणि दहा हजार ग्रीक परमुलखात अडकले. पुढे वाटाघाटीच्या मिषाने इराणी सुभेदार तिसाफर्नीझ याने त्यांच्या सेनानायकांना बोलावून कैद केले. त्या रात्री छावणीत फारशा चुली पेटल्या नाहीत. त्याच रात्री झेनोफनने उरल्यासुरल्या अधिकाऱ्यांना गोळा केले आणि नवे सेनानायक निवडले गेले, त्यांत तो एक झाला.

ग्रीकांजवळ घोडदळ जवळजवळ नव्हते, शत्रूजवळ भरपूर होते. शिपायांचे धैर्य खचले होते. तेव्हा या अश्वप्रेमी माणसाने त्यांच्यापुढे घोडेस्वारांची चक्क टिंगल केली. दहा हजार स्वार म्हणजे अखेर दहा हजार माणसेच. घोड्याने चावून किंवा लाथ मारून लढाईत कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. शिवाय स्वार बिचारा अधांतरी लोंबकळत असतो, त्याला शत्रूइतकेच खाली पडण्याचे भय. आपले पाय तर जमिनीवर घट्ट आहेत! घोड्यावरची मांड किती कच्ची असते हे ज्याला अनुभवाने ठाऊक, तोच असे बोलू शकतो. त्या काळी रिकीब नव्हती आणि आजच्यासारखे खोगीरही नव्हते. फार तर घोड्याच्या पाठीवर एक घोंगडे असे. हसून घेतल्यावर मात्र त्याने लगेच सामानाच्या घोड्यांतून निवडून सुमारे पन्नास स्वारांची तुकडी उभी केली. भाषण आणि तरतूद यांची ही सांगड मला भाषणाहून अधिक महत्त्वाची वाटते.

याच कूचातला एक प्रसंग आहे. पुढची टेकडी शत्रूच्या आधी गाठायची होती. झेनोफन घोड्यावरून रांगेच्या कडेने दौडत शिपायांना चेतवीत होता. सोतेरिदास नावाचा एक शिपाई म्हणाला, की तुमची आमची बरोबरी कशी व्हावी? तुम्ही घोड्यावर आणि मी ढाल वाहून मेटाकुटीला आलेला. झेनोफन घोड्यावरून उतरला, त्याने त्या शिपायाला रांगेबाहेर ढकलले, त्याची ढाल स्वतः उचलली आणि तो चढू लागला. अंगात घोडेस्वाराचे जड चिलखत होते, त्यामुळे त्याची दमछाक झाली. तरी पुढच्यांना तो चला म्हणत होता आणि मागून रेंगाळणाऱ्यांना आपल्याला ओलांडून जा म्हणत होता. शेवटी इतर शिपायांनीच सोतेरिदासला बुकलून काढले आणि ढाल परत घ्यायला लावली. झेनोफन पुन्हा घोड्यावर बसला. जोवर वाट होती तोवर घोड्यावर गेला आणि चढण बिकट झाली तेव्हा घोडा सोडून पायी धावला.

सोतेरिदासची तक्रार रास्त होती, हे आपण विसरू नये. घोडा हा अधिकाराचा मंच आहे आणि मंचावरून बोलणाऱ्याचे शब्द खालच्याला नेहमीच थोडे वरून आल्यासारखे वाटतात. झेनोफनला हे चटकन कळले. त्याने उत्तर दिले नाही, तो उतरला.

पुढे झेनोफन ऑलिंपियाजवळ स्किल्लूस येथे जहागिरीवर राहिला आणि त्याच्या हातून पुष्कळ लेखन झाले. त्याची दोन पुस्तके आपल्या विषयाची. एक अश्वारोहणावर, दुसरे घोडदळाच्या सरदाराच्या कर्तव्यांवर. पहिल्या पुस्तकात त्याचा एक नियम आहे, की रागाच्या भरात घोड्याजवळ कधी जाऊ नये. राग पुढचे पाहत नाही आणि मग पश्चात्तापाची पाळी येते. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. मारल्याने भीती वाढते, कारण आपल्याला जे दुखते ते त्या वस्तूमुळेच, असे घोडा समजतो. त्यापेक्षा आपण आधी त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हलकेच जवळ न्यावे. देवांनी माणसाला माणसाकडून शब्दांनी शिकण्याची सोय दिली आहे, घोड्याला शब्दांनी काही शिकवता येत नाही. म्हणून मनासारखे केले की त्याला सुख द्यावे आणि चुकला की शासन करावे, एवढीच भाषा उरते. सुख म्हणजे तरी काय? तर लगाम सैल सोडणे, उतरणे, विसावा. जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामात समज नसते आणि सौंदर्यही नसते, आणि नर्तकाला चाबकाने नाचवल्यासारखे ते दिसते, असेही तो म्हणतो.

शिंगराविषयीची त्याची सूचना तर फारच सूक्ष्म आहे. शिंगरू शिक्षकाकडे पाठवण्यापूर्वीच त्याच्या मनात असे बसावे, की भूक, तहान आणि माशांचा त्रास हा एकटेपणाबरोबर येतो; खाणे, पिणे आणि त्रासातून सुटका माणसाबरोबर येते. मग ते माणसावर नुसते विसंबत नाही, त्याची वाट पाहते. हे काम धन्याने मोतद्दाराकडून नीट करून घ्यावे, असे तो बजावतो. मोतद्दाराचा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

आता दुसरे पुस्तक पाहा. घोडदळाच्या सरदाराला शिपाई कसे वश होतील? झेनोफन म्हणतो, त्याने स्वतः घोडदौडीत आणि भालाफेकीत कोणाला हार जाऊ नये, आणि वैरण, पाणी, तंबू, जळण यांची चिंता तो वाहत आहे, शिपाई झोपलेले असताना तो जागा आहे, हे त्यांना दिसावे. म्हणजे शिंगराला जे सांगितले तेच येथे माणसांच्या बाबतीत आले. ज्याच्याबरोबर अन्न येते आणि निर्धास्तपणा येतो, त्याच्यामागे जीव आपण होऊन जातो. घोडा पुष्ट कशाने होतो, असे इराणच्या राजाने विचारले असता जाणत्याने 'धन्याच्या नजरेने' असे उत्तर दिल्याची गोष्टही झेनोफननेच आपल्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकात दिली आहे.

झेनोफनच्या पाठोपाठच्या पिढीत या विद्येचा सर्वांत गाजलेला विद्यार्थी जन्मास आला. बुकेफालसची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. एका थेसलीकर व्यापाऱ्याने तेरा टॅलेंट किमतीला आणलेला हा घोडा कोणाला पाठीवर बसू देईना. फिलिप राजा त्याला परत पाठवणार, एवढ्यात कुमारवयीन अलेक्झांडर पुढे झाला. घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे, हे इतरांच्या ध्यानात न आलेले त्याने हेरले होते. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, हलकेच थोपटले, अंगावरचा झगा आवाज न करता टाकला आणि तो वर चढला. लगामाला हिसका दिला नाही, मार दिला नाही. घोड्याची भीती गेली आणि त्याला धावण्याची हौस आली, तेव्हा त्याने त्याला मोकळे सोडले. या गोष्टीत धाडसाची वाहवा करण्याची चाल आहे. मला तिच्यात अधिक मोलाचे वाटते ते पाहणे. इतर सारे घोड्याला आवरीत होते, हा एकटा घोडा कशाकडे पाहतो ते पाहत होता. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या लढाईनंतर बुकेफालस मेला आणि त्याच्या नावाने अलेक्झांडरने तेथे नगर वसवले.

पण येथेच एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या दोन वर्षे आधी, समरकंदच्या मेजवानीत, मद्याच्या आणि रागाच्या भरात याच अलेक्झांडरने क्लायटसला भाला खुपसून ठार केले. हा क्लायटस म्हणजे ग्रॅनिकसच्या लढाईत त्याचा जीव वाचवणारा माणूस. त्याने राजाच्या भाटांचा उपहास केला होता आणि खरे बोलून दाखवले होते. घोड्याची भीती ज्याला ओळखता आली त्याला मित्राचे दुखणे ओळखता आले नाही. तेव्हा घोड्याजवळ शिकलेला धडा आपोआप माणसांकडे वळतो, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याला साक्ष देणार नाही. घोड्याने पाडले तर मुकाट्याने उठावे लागते. माणसाने तोंडावर खरे सांगितले तर राजाच्या हाताशी भाला असतो.

युरोपात ही विद्या मधल्या काळात बरीच रासवट झाली. १५५० साली नेपल्सच्या ग्रिझोने याचे पुस्तक निघाले. ते फार गाजले आणि त्यात हट्टी घोड्याला वठणीवर आणण्याचे असे काही अघोरी उपाय आहेत, की ते या व्यासपीठावरून सांगण्याची माझी इच्छा नाही. पुढे याच नेपल्समध्ये शिकून आलेल्या प्लुव्हिनेल या फ्रेंच गृहस्थाने वेगळा मार्ग धरला. १५९४ साली पॅरिसमध्ये त्याने सरदारपुत्रांसाठी शाळा काढली. तिच्यात घोड्याबरोबर गणित, नृत्य आणि सभ्यतेचे नियमही शिकवीत. बालराजा तेरावा लुई हा त्याचा शिष्य. प्लुव्हिनेलचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली, बाहेर पडले. ते राजा आणि शिक्षक यांच्या संवादाच्या रूपात आहे आणि त्यात घोड्याच्या अंगाइतकेच त्याच्या मनाला कामाला लावावे, मार कमीत कमी असावा, असा उपदेश आहे. राजाने प्रश्न विचारावे आणि प्रजाजनाने शिकवावे, असा प्रसंग त्या दरबारात आणखी कोठे येत असेल, याची मला शंकाच आहे.

आपल्या मुलखाकडे वळू. मराठ्यांचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे राहिले, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण त्या पाठीला खरारा कोण करीत होता, तिची चंदी कोठून येत होती, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. ही उतरंड पुष्कळांना पाठ असते. तिच्याच शेजारी लिहिलेली दुसरी नेमणूक मात्र विसरली जाते. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय अधिकाराच्या पहिल्या पायरीलाच बांधून दिली होती, वर सोडली नव्हती.

राज्याभिषेकाच्या सुमाराचे महाराजांचे एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांत सुप्रसिद्ध आहे. चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले आहे. पावसाळा तोंडावर होता. त्यासाठी दाणा आणि वैरण यांचा साठा करून ठेवलेला होता. पत्राचा आशय असा, की आताच मन मानेल तसा दाणा चारला आणि गवत उधळले तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. मग घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे जाल. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. असे झाले की कुणबी घर धरून राहिले आहेत तेही जातील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. यापुढे आगीची ताकीद आहे. भलत्या जागी चुली पेटवू नका, दिवा रात्रभर जळत ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल, आणि सारी पागा बुडेल.

ज्या पुरुषाने आदिलशाही आणि मोगलाई यांच्याशी एकाच वेळी डाव मांडला होता, तो उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे! या पत्रात घोडा आणि रयत यांना जोडणारा दोरा एका क्षणासाठीही सुटत नाही. घोड्याच्या तोबऱ्यात काय पडते, यावर कुणब्याच्या घरात राज्याविषयी काय बोलले जाते, ते अवलंबून आहे. झेनोफनचे सरदाराला सांगणे आणि हे पत्र यांत वैरण, पाणी, जळण हीच यादी यावी, यात एकाने दुसऱ्याचे वाचण्याचा प्रश्नच नाही. पागा ज्याने पाहिली आहे, त्याला ही यादी पागाच शिकवते. पत्राची बोलण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. नुसती ताकीद देऊन ते थांबत नाही. असे केले तर असे होईल, मग तसे होईल, असे पायरीपायरीने ते समजावून देते. ज्याला आज्ञा पाळायची आहे त्याला तिचे कारण कळावे, एवढा त्याचा मान त्यात राखलेला आहे.

पहिल्या बाजीरावाविषयी एक आख्यायिका आहे. त्याला चित्रात उतरवण्यासाठी धाडलेल्या चित्रकाराने त्याला जसे पाहिले तसे काढले. भाला खांद्यावर टाकलेला, घोड्याचा लगाम मानेवर सैल सोडलेला आणि स्वारी कणसे तळहातावर चोळून दाणे तोंडात टाकीत चाललेली. गोष्ट साधेपणाची म्हणून सांगतात. घोड्याच्या जाणकाराची नजर मात्र त्या सैल लगामाकडे जाईल. दोन्ही हात कणसात गुंतवता येतात ते घोडा आणि स्वार यांचे एकमेकांशी काही बोलायचे उरले नसेल तेव्हाच. भीमथडीच्या तट्टांवरून हे लोक नर्मदेपलीकडे गेले. ती जनावरे दिसायला किरकोळ, पण थोड्या दाण्यावर लांबचा पल्ला मारणारी होती आणि बारगीर दिवसाचा मोठा भाग त्यांच्याच संगतीत घालवीत.

येथवर 'घोड्याला कळते' असे मी बऱ्याचदा म्हटले. काय कळते आणि कसे कळते, याचा छडा विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये लागला, आणि तो लागण्याचे निमित्त मोठे गमतीचे आहे. व्हिल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या एका निवृत्त गणितशिक्षकाने हान्स नावाच्या आपल्या घोड्याला बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक शिकवले होते. घोडा खूर आपटून उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर येई. १९०४ साली विद्वानांची एक समिती नेमली गेली. तिला कोणतीही लबाडी आढळली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर घोडा चुकतो. विचारणारा घोड्याला दिसत नसला तरीही तो चुकतो. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे वाकून खुराकडे पाहू लागे. बरोबर आकडा येताच त्याचे डोके अगदी केसभर वर होई. तेवढ्याने घोडा थांबे. घोड्याला गणित येत नव्हते, माणूस येत होता.

आणि नवल असे, की हे सारे ठाऊक झाल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती केसभर हालचाल रोखता येईना. पुढे त्याने प्रयोगशाळेत घोड्याची भूमिका स्वतः घेतली. लोकांनी मनात आकडा धरावा आणि त्याने हाताने टकटक करून तो ओळखावा. बहुतेकांचा आकडा त्याने ओळखला. आपण न बोलता किती बोलत असतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

अगदी अलीकडची, २००९ साली प्रसिद्ध झालेली स्वीडनमधील एक चाचणी याच जातीची आहे. माणसांनी घोडे हातात धरून किंवा वर बसून एका ठरलेल्या वाटेने चार फेऱ्या करायच्या होत्या. चौथ्या फेरीत घोड्याजवळ एकदम छत्री उघडली जाईल, असे माणसांना सांगितले होते. छत्री उघडली गेली नाही. तरी चौथ्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीविषयी कोणी काही सांगितले नव्हते. सरदाराने तोंडाने धीर द्यावा आणि आतून भेदरावे, हे माणसांपुढे काही काळ खपून जाते. घोड्यापुढे क्षणभरही खपत नाही.

हे संभाषण ताकदीचे नसते, याचे एक उदाहरण देतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय लुळे झाले. घोड्याला इशारा देण्याचे मुख्य साधन म्हणजे स्वाराचे पाय. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जेथे शिक्षित चालींच्या या स्पर्धेत स्त्रियांना पुरुषांबरोबर प्रथमच प्रवेश मिळाला होता, त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवले. घोडीवर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागे. घोडीशी बोलणे त्या शरीराच्या वजनानेच करीत. पुढे १९५६ मध्येही त्यांना रौप्यपदक मिळाले.

आता युरोप-अमेरिकेत या जुन्या विद्येची नवी दुकाने निघाली आहेत. कंपन्यांचे अधिकारी घोड्यांच्या रिंगणात आणून सोडतात. लगामाशिवाय घोड्याला आपल्यामागे चालवून दाखवा म्हणतात. हुकमाची सवय झालेला गृहस्थ घोड्यापुढे हातवारे करतो, घोडा कान मागे टाकून दुसरीकडे निघून जातो आणि त्या गृहस्थाच्या हाताखालचा एखादा अबोल कारकून शांतपणे पुढे झाला की त्याच्यामागे जातो. या उद्योगाची थट्टा करण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो. कार्नीअडीझने पाहिलेली गोष्ट त्या रिंगणातही खरीच आहे. माझी हरकत आहे ती दोन दिवसांच्या मुदतीला. झेनोफनच्या शिंगराला माणसाची वाट पाहायला शिकण्यास महिने लागत. माणसालाही तेवढेच लागतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही छात्रांना घोड्यावर बसायला शिकवतात. रणांगणावरून घोडदळ कधीच गेले. ज्यांना उद्या माणसे चालवायची आहेत, त्यांनी आधी काही काळ चतुष्पाद गुरूकडून पडून घ्यावे, असा विचार या नियमामागे असेल तर तो मला पसंत आहे.

आणि मोतद्दाराचे काय? घोड्याजवळ सर्वांत अधिक वेळ घालवणारा, त्याच्या कानाच्या हालचालीवरून त्याचे मन जाणणारा, बुजलेल्या जनावराला नुसत्या उभे राहण्याने शांत करणारा माणूस सगळ्या काळांत तोच होता. नेतृत्वाचे जे गुण घोडा शिकवतो म्हणतात, ते सर्वांत आधी त्याच्या अंगी आले असले पाहिजेत. त्याला कोणी हजारी केले नाही. झेनोफनने त्याला पुस्तकात जागा दिली, आमच्या बखरींनी त्याच्या शेजाऱ्याला, नालबंदाला, एका ओळीपुरती दिली. घोडा राजा आणि रंक असा भेद करीत नाही हे खरे. पण त्याच्याजवळून शिकून गेलेली माणसे परत आपापल्या जागी गेली आणि भेद करीत राहिली. या शिकवणीचा जमाखर्च मांडताना हा खर्चही लिहिला पाहिजे.

झेनोफनची एक गोष्ट सांगावयाची राहिली. दहा हजारांना समुद्रापर्यंत आणि तेथून ग्रीक वस्तीत पोहोचवल्यावर, मोहिमेच्या अखेरीस, त्याच्यावर शिपायांनीच पैसे खाल्ल्याचा संशय घेतला होता. प्रत्यक्षात लँप्सकस येथे पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ घरी जाण्याच्या वाटखर्चालाही पैसे नव्हते. एका जुन्या ओळखीच्या ज्योतिषाला ते खरे वाटेना. शेवटी त्याने आपला घोडा पन्नास दारिकांना विकला. लवकरच सैन्याचा पगार घेऊन बिऑन आणि नॉसिक्लाइडीस हे दोघे तेथे आले. या घोड्यावर झेनोफनचा जीव होता, असे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी तो सोडवून आणून त्याला दिला आणि किंमत घेण्याचे नाकारले.